दुसऱ्या दिवशी उमटलेली रेघ

प्रिय ताई,

मी २७ वर्षांची आहे. लालबागला चाळीत राहते, आई-बाबा, भाऊ आणि आजी. नोकरी लोअर परळला. तीन वर्षांचं प्रेमप्रकरण या पावसाळ्यात संपलं. संपल्यावर कळलं की त्याचं आणखीही कुठे कुठे चालू होतं. आम्ही कंडोम कधी वापरायचो, कधी नाही. शेवटचा संबंध आला त्याला आता सात आठवडे झाले. तीन आठवड्यांनी ऑनलाइन एचआयव्हीचं किट मागवलं, ऑफिसच्या पत्त्यावर. घरी पाच माणसांत कुठे करणार, म्हणून ऑफिसच्या वॉशरूममध्येच बोट टोचलं. एकच रेघ आली. जीव भांड्यात पडला. पट्टी कचऱ्यात टाकायची भीती वाटली, रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवली. दुसऱ्या दिवशी बघते तर शेजारी फिकट दुसरी रेघ. तेव्हापासून झोप नाही. मध्ये, पंधरा दिवसांपूर्वी, लघवीला जळजळ झाली, केमिस्टने तीन गोळ्या दिल्या, थांबली. पाळी वेळेवर येतेय. आता एका लॅबचं 'घरी येऊन बारा टेस्ट' असं पॅकेज दिसलंय. घेऊ का? आणि घरच्यांनी स्थळ पाहिलंय. २८ गुण जुळलेत, मुलगाही मला आवडलाय. साखरपुडा दिवाळीनंतर. त्याला काय सांगू?

झोप उडालेली, लालबाग

प्रिय लालबागकर मुली,

आधी त्या रेघेचं बोलू, म्हणजे पुढचं वाचायला तुझं डोकं ठिकाणावर राहील. किटच्या पट्टीवरचा निकाल वाचायची एक वेळ असते. ती पत्रकावर लिहिलेली असते, बहुतेक किटमध्ये पंधरा ते वीस मिनिटं. तेवढ्यात जे दिसलं ते खरं. त्यानंतर पट्टी सुकायला लागते, मागे राहिलेलं रक्त आणि रंग पुढे सरकत राहतात, आणि जिथे काही नव्हतं तिथे फिकट रेघ उमटू शकते. रात्रभर रुमालात राहून, पर्समध्ये लिपस्टिक आणि लोकलच्या पासाशेजारी घामेजलेल्या पट्टीला दुसऱ्या दिवशी काहीही सांगायचा अधिकार उरत नाही. ती रेघ विसर. (वेळेच्या आत दिसली असती, तर मात्र कितीही फिकट असो, ती मोजावी लागली असती.)

आता वाईट वाटेल असं दुसरं अर्धं. पहिल्या दिवशीची एकच रेघसुद्धा विसर.

कारण तू तिसऱ्या आठवड्यात तपासलंस. ही किटं एचआयव्हीचा विषाणू शोधत नाहीत, आपल्या शरीराने त्याच्याविरुद्ध तयार केलेल्या अँटीबॉडी शोधतात. त्या तयार व्हायला वेळ लागतो. काहींच्या रक्तात त्या तेविसाव्या दिवशी सापडतात, काहींच्या नव्वदाव्या. या मधल्या काळाला विंडो पीरियड म्हणतात. लागण झालेली असली तरी पट्टी तेव्हा प्रामाणिकपणे 'नाही' म्हणते. तुझी एक रेघ एवढंच सांगत होती की अजून काही दिसत नाही.

मी एका सरकारी रुग्णालयाच्या तपासणी केंद्रात समुपदेशक म्हणून बरीच वर्षं काढली आहेत. समोर बसणाऱ्यांपैकी कितीतरी जण तुझ्यासारखेच खिशातून पट्टी काढायचे. एकाने तर प्लॅस्टिकच्या पिशवीत तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या आणल्या होत्या आणि टेबलावर पत्त्यांसारख्या मांडल्या होत्या. मी त्यांना विचारायचे ते तुलाही विचारते. बोट पुसलेलं स्पिरिट सुकू दिलंस का? पहिला थेंब पुसून टाकलास का? सोबतच्या बाटलीतले थेंब पत्रकात होते तेवढेच टाकलेस का? 'सी' या अक्षरासमोरची रेघ आली होती का? ती नसेल तर टेस्ट झालीच नाही असं धरायचं. आणि पत्रक पुन्हा उघड. ऑनलाइन मिळणाऱ्या बऱ्याच स्वस्त पट्ट्या लॅबमधल्या लोकांसाठी केलेल्या असतात आणि तसं त्यावर बारीक अक्षरांत लिहिलेलंही असतं. वॉशरूमचं दार कोणी ठोठावत असताना एका हाताने नळी दाबून नेमकं तेवढंच रक्त काढणं शिकलेल्या माणसालाही जड जातं.

मी किटच्या विरोधात नाही. जागतिक आरोग्य संघटनेने एचआयव्हीच्या स्वतः करायच्या चाचणीची शिफारस २०१६ सालीच केली आहे. ज्याचे पाय दवाखान्याकडे वळतच नाहीत, त्याच्या हाती निदान काहीतरी पडावं म्हणून. पण किटच्या मर्यादा किट विकणारा मोठ्या अक्षरांत छापत नाही. तोंडातल्या द्रवावर चालणाऱ्या एका किटला अमेरिकेत २०१२ साली घरगुती वापराची परवानगी मिळाली. लोकांनी ते स्वतःच्या हाताने वापरून पाहिलं तेव्हा, खरोखर बाधित असलेल्या दर बारा जणांत साधारण एकाला ते 'नाही' सांगून मोकळं झालं होतं.

उलटी गफलतही होते. नॅको, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, तिच्या २०२१ च्या अंदाजानुसार देशात प्रौढांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण ०.२१ टक्के होतं, म्हणजे हजारात दोघं. आता समज, एखादं किट इतकं चांगलं आहे की हजारातल्या फक्त पाच निरोगी माणसांना ते चुकून दुसरी रेघ दाखवतं. हजार जणांनी टेस्ट केली तर दोन रेघा किती जणांना दिसतील? सातेक जणांना. त्यातले खरे बाधित दोन. म्हणूनच सरकारी केंद्रात पहिली टेस्ट रिअ‍ॅक्टिव्ह, म्हणजे दोन रेघांची, आली की त्याच रक्तावर आणखी दोन वेगळ्या किटने टेस्ट करतात आणि मगच कागदावर 'पॉझिटिव्ह' लिहितात. घरी दोन रेघा दिसल्या की माणूस त्या पुढच्या दोन टेस्ट न करताच स्वतःला शिक्षा सुनावून बसतो.

तुझे सात आठवडे झालेत, म्हणजे ४९ दिवस. हे सोयीचं आहे. लॅबमध्ये शिरेतून रक्त घेऊन 'फोर्थ जनरेशन' टेस्ट होते, ती अँटीबॉडीबरोबर विषाणूचा पी-२४ हा भागही शोधते, त्यामुळे ४५ दिवसांनंतरच्या तिच्या निकालावर भरवसा ठेवता येतो. लॅबला फोन करून नेमकं हेच नाव विचार. नुसती 'एचआयव्ही टेस्ट' म्हणालीस तर कुठली होईल सांगता येत नाही.

खरं सांगू? तुझ्या पत्रात मी अडखळले ती रेघेपाशी नाही, त्या तीन गोळ्यांपाशी.

एचआयव्हीचं नाव मोठं, म्हणून सगळे त्यालाच घाबरतात. पण ज्याचं कुठे कुठे चालू होतं अशा माणसाकडून क्लॅमिडिया किंवा गोनोरिया, हे संबंधातून लागणारे जंतूंचे रोग, येणं त्याहून कितीतरी सोपं. गोनोरियाला आपल्या आजीच्या पिढीत परमा म्हणायचे, आणि तो पुरुषांचा रोग समजला जायचा, कारण पुरुषाला जळजळ होते, पू येतो, लपत नाही. बाईला बरेचदा काहीच होत नाही. फार तर अंगावरून थोडं जास्त जातं, आणि ते तर काय, प्रत्येकीच्या आईने 'उष्णता झाली' म्हणून सब्जा पाजून मिटवलेलं असतं. क्लॅमिडिया तर बहुतेक बायकांमध्ये मुकाच असतो. आत मात्र तो गर्भनलिकांपर्यंत चढू शकतो, आणि मग एखादीला चार वर्षांनी दिवस राहत नाहीत म्हणून तपासण्या सुरू होतात तेव्हा नलिका बंद असल्याचं कळतं.

तुझी जळजळ हे साधं लघवीचं इन्फेक्शनही असेल, शक्यता भरपूर आहे. पण केमिस्टने दिलेल्या गोळ्यांनी काय मेलं आणि काय नुसतं झोपलं, ते कोणालाच माहीत नाही. गोनोरियाचे जंतू तर बऱ्याच जुन्या अँटिबायोटिकना आता जुमानत नाहीत. ती स्ट्रिप टाकली नसशील तर तिचा फोटो काढून ठेव. डॉक्टरला आधी तो दाखव, कारण गोळ्या घेतल्यावर तीन-चार आठवडे मेलेल्या जंतूंचे अवशेषही टेस्टमध्ये 'पॉझिटिव्ह' दिसू शकतात. टेस्ट आज करायची की आणखी दोन आठवडे थांबून, ते त्यावर ठरेल.

आणि इथे तुझ्या 'बारा टेस्ट'च्या पॅकेजचा प्रश्न येतो. आधी एवढंच विचार: नमुना कशाचा घेणार? उत्तर 'फक्त रक्ताचा' असेल तर क्लॅमिडिया आणि गोनोरिया नीट सापडणार नाहीत, ते रक्तात शोधायचे रोगच नव्हेत. त्यांच्यासाठी लघवी लागते नाहीतर योनीमार्गातला स्वॅब, आणि टेस्ट 'पीसीआर' किंवा 'नाट' पद्धतीची, म्हणजे जंतूंची जनुकं शोधणारी. नेहमीच्या युरिन कल्चरमध्ये क्लॅमिडिया उगवतच नाही. मग बाराचा आकडा भरतो कसा? हर्पिसच्या चार टेस्ट टाकून. हर्पिस टाइप १ हा ओठावर फोड आणणारा विषाणू जगात पन्नाशीच्या आतल्या साधारण दोन तृतीयांश लोकांत आहे, बहुतेकांना लहानपणी घरच्याच कोणाच्या पाप्यांतून मिळालेला. लक्षणं नसताना ती टेस्ट केली की रिपोर्टवर लाल अक्षरांत काहीतरी येतं, आणि तू पुन्हा मला पत्र लिहिशील. एचपीव्ही, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमागचा विषाणू, त्याचंही तेच. त्याची रक्ततपासणी नसते, पॅकेजमध्ये काहीही छापलेलं असो.

तुला हव्यात त्या चारच गोष्टी. एचआयव्ही फोर्थ जनरेशन. सिफिलिससाठी व्हीडीआरएल किंवा आरपीआर, जोडीला टीपीएचए. हिपॅटायटिस बीची एचबीएसएजी. आणि क्लॅमिडिया-गोनोरियाची पीसीआर. सिफिलिस, म्हणजे जुन्या लोकांची गरमी, साधारण तिसऱ्या आठवड्यात एक न दुखणारी जखम देतो. बाईच्या बाबतीत ती आत असेल तर दिसतही नाही, आणि आपोआप भरते. त्याची रक्ततपासणी आता एकदा आणि तीन महिने पूर्ण झाल्यावर पुन्हा कर, त्याच वेळी एचआयव्हीची उजळणीही होऊन जाईल. नुसती व्हीडीआरएल पॉझिटिव्ह आली तर घाबरून जाऊ नकोस. मलेरिया होऊन गेलेला असला तरी ती खोटी बोलू शकते, आणि पावसाळ्यानंतरच्या मुंबईत हे मी बघितलेलं आहे. हिपॅटायटिस बी नसेल तर लस घेऊन टाक. तू जन्मलीस तेव्हा ती सरकारी लसीकरणात नव्हती. तीन डोस, सहा महिन्यांत.

लघवीचा नमुना द्यायचा झाला तर एक गंमत ध्यानात ठेव. लहानपणापासून आपल्याला सांगितलेलं असतं, सुरुवातीची जाऊ द्यायची, मधली धरायची. इथे उलट. तासभर लघवीला जायचं नाही, आणि मग अगदी पहिली धार डबीत घ्यायची, वीस-तीस मिली पुरे. डबी काठोकाठ भरून दिलीस तर जंतू पातळ होतात. बाईसाठी स्वॅब जास्त चांगला, आणि तो स्वतःचा स्वतः घेता येतो. सोबत दिलेली लांब काडी दोनेक इंच आत, पंधरा-वीस सेकंद गोल फिरवायची, नळीतल्या द्रवात बुडवून काडी खुणेवर मोडायची, झाकण घट्ट. दुखत नाही. दवाखान्याच्या टेबलावर पाय वर करून पडण्यापेक्षा हे हजार पट बरं, आणि घरच्या टेस्टचं मला मनापासून आवडलेलं एवढंच आहे.

पण घर कुठलं? तू लिहिलंयस, घरी पाच माणसं. सकाळी सात वाजता छातीवर लॅबचं नाव असलेला पोरगा बॅग घेऊन तुमच्या जिन्यावरून चढला, की तो तुझ्या दारात पोहोचायच्या आत कोपऱ्यातल्या खोलीतल्या काकू विचारतील, "कोणाला बरं नाही गं?"  त्याहून मोठा धोका वेगळाच आहे. त्या लॅबच्या अ‍ॅपवर तुझं घर आधीपासून नोंदलेलं आहे का ते बघ. बाबांची शुगर, आजीचं थायरॉइड, सगळं एकाच खात्यात असतं, आणि रिपोर्ट जातो बाबांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर. एका मुलीचा असाच गेला होता. बाबांनी तो न वाचता 'फॅमिली' ग्रुपवर टाकला, आजीचा समजून. तुझ्या नंबरवर नवीन खातं काढ, लॅबमध्ये स्वतः जा, पैसे रोख दे, आणि ऑफिसच्या मेडिक्लेममध्ये हे बिल लावू नकोस.

नाहीतर सरकारी केंद्र. नाक मुरडू नकोस, आधी ऐक. एचआयव्हीची तपासणी आयसीटीसीमध्ये, म्हणजे सरकारी समुपदेशन आणि तपासणी केंद्रात, फुकट होते. केईएम तुझ्या घरापासून चालत आहे आणि म्हणूनच तू तिथे जाणार नाहीस, चाळीतलं कोणीतरी तिथे कामाला असतंच. हरकत नाही, पत्ता कुठला हे कोणी बघत नाही. लोअर परळहून मुंबई सेंट्रल दोन स्टेशनं, तिथे नायर. करी रोडवरून सायन. किंवा भायखळ्याचं जेजे. कुठलं केंद्र जवळ ते १०९७ या टोल फ्री नंबरवर विचारता येतं. लैंगिक आजारांसाठी बऱ्याच सरकारी रुग्णालयांत 'सुरक्षा क्लिनिक' आहे, नाहीतर स्किनची ओपीडी. स्किनच्या रांगेचा फायदा असा की शेजारी बसलेल्याला वाटतं तुला गजकर्ण झालंय. फक्त तिथे बरेचदा लक्षणं पाहून गोळ्या देतात, क्लॅमिडियाची पीसीआर होईलच असं नाही, ती बाहेर करावी लागेल.

केंद्रात काय असतं? एक पडदा किंवा अर्धं पार्टिशन, दोन खुर्च्या, टेबलावर लाकडी लिंग, कंडोम कसा चढवायचा ते दाखवायला. माझ्या टेबलावर ते पेनस्टँडच्या शेजारी असायचं, आणि पहिल्यांदा आलेली प्रत्येक मुलगी बोलताना पेनस्टँडकडेच बघायची. समुपदेशक तुला विचारेल की संबंध कोणाशी, कधी, कसा. 'लग्न झालंय का?' हेही विचारेल. झालं नाही असं सरळ सांग, तिने असं उत्तर त्या दिवसात चौथ्यांदा ऐकलेलं असेल. भोचकपणा करणारी भेटली तर, हो, भेटते कधीकधी, तू उठून दुसऱ्या केंद्रात जाऊ शकतेस. तुझी संमती घेतल्याशिवाय टेस्ट होत नाही, आणि निकाल दुसऱ्याला सांगायचा नाही. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानेच ते बांधून टाकलंय, सप्टेंबर २०१८ पासून तो लागू आहे. रिपोर्ट तुझ्या हातात देतात, बहुतेक ठिकाणी त्याच दिवशी, आणि देताना समोर माणूस असतो. वॉशरूममध्ये तो नव्हता.

समजा काही निघालंच. क्लॅमिडिया, गोनोरिया, सिफिलिस हे औषधाने बरे होणारे रोग आहेत. गोळ्या किंवा इंजेक्शन, नंतर निदान सात दिवस संबंध नाही, आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी. एचआयव्हीचे उपचार सरकारी केंद्रांत २००४ पासून फुकट आहेत, आता निदान झालं की लगेच सुरू करतात. रोज गोळी घेऊन रक्तात विषाणू मोजता येणार नाही इतका खाली ठेवला की संबंधातून तो जोडीदाराला जात नाही, मुलंबाळंही निरोगी होतात. आणि जे काही निघेल ते त्या जुन्या माणसाला कळवावं लागेल. तुझा राग मला समजतो, पण त्याच्या इतर मैत्रिणींपैकी एखादी तुझ्याइतकीच गाफील असेल. दोन ओळींचा मेसेज पुरे: मला अमुक निघालंय, तू तपासून घे. त्यावर भांडायला तो फोन करेल, उचलू नकोस.

हे वाचणाऱ्या दुसऱ्या कोणाचा कालच असा कंडोमशिवाय संबंध आला असेल तर तिने किट मागवत बसू नये. ७२ तासांच्या आत डॉक्टर गाठले तर २८ दिवसांच्या गोळ्यांनी एचआयव्ही टाळता येतो. जितक्या लवकर तितकं बरं.

आता मुलगा. माझं मत विचारतेस तर, तीन वर्षांचा इतिहास त्याच्यापुढे वाचायची तुझ्यावर सक्ती नाही. आरोग्याचं मात्र सांगावं लागतं. बरा न झालेला किंवा कायम राहणारा रोग असेल तर साखरपुड्याच्या आधी, स्पष्ट. आणि काही नसेल तर त्यालाही विचार ना. "आपण दोघांनी लग्नाआधी रक्त तपासून घेऊ, एचआयव्ही, हिपॅटायटिस, सिफिलिस, थॅलेसेमिया." थॅलेसेमिया, म्हणजे आई-बाबांकडून मुलांत येणारा रक्ताचा आजार, मी मुद्दाम घातलाय. तोही तपासायलाच हवा, आणि त्याच्या आडून बाकीचं बोलणं सोपं जातं. दोघांच्या पत्रिका जुळवून जे कळत नाही ते इथे कळेल, आणि 'माझ्यावर संशय घेतेस?' असं तो म्हणाला तर तेही कळेल.

शनिवारी ऑफिसला सुट्टी असेल तर लॅबचं त्याच दिवशी उरक. नायर किंवा सायनला जायचं तर मधल्या वारी जा, केसपेपरची खिडकी सकाळचीच असते, साडेआठपर्यंत रांगेत उभी राहा. आईला सांग ऑफिसात लवकरची मीटिंग आहे. पोळी-भाजी खाऊन निघ, या तपासण्यांना उपाशीपोटी जावं लागत नाही.

तुझी,
ताई